सोनकांबळे सिस्टरांचं जपान

लातूरच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो, तेव्हा शेजारच्या बायका घर बघायला आल्या. कुणी ओटा बघितला, कुणी नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं. एक उंच, सावळी, पांढऱ्या सुती साडीतली बाई मात्र आत आलीच नाही. तिने पुढचं दार धरलं, पूर्ण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं आणि मला म्हणाली, "मॅडम, हे दार आत उघडतंय."

"हो," मी म्हटलं. दारं आतच उघडतात. त्यात सांगण्यासारखं काय आहे, ते मला कळेना.

"मिस्त्री बोलवा अन् बिजागऱ्या फिरवून घ्या. दार बाहेर उघडलं पाहिजे. अन् ही चपलांची मांडणी हितून हलवा. येळ आली तर मानूस पळंल कुठून?"

चहा तिने पायरीवर बसून घेतला. ती गेल्यावर माझे यजमान म्हणाले, "बाई जरा तिरकी दिसते." आठवड्याभरात कळलं की कॉलनीतल्या बहुतेक घरांची दारं बाहेर उघडतात. आमचंही उघडायला लागलं.

त्या सोनकांबळे सिस्टर. पाळण्यातलं नाव प्रयाग, पण सरकारी दवाखान्यात हयात गेली आणि सगळं लातूर त्यांना सिस्टरच म्हणायचं. कॉलनीत कुणाला ताप आला, कुणाचं बाळ दूध घेईना, म्हातारं माणूस पडलं, की आधी त्यांच्याकडे धाव. हात हलका, बोलणं जड. "लई रडू नको. रडून सुई बारीक व्हत न्हाई," असं पोरांना दटावायच्या आणि सुई कधी टोचून झाली ते पोराला कळायचं नाही.

कुठेही गेल्या तरी त्यांचं पहिलं लक्ष वाटेकडे. "आधी बाहेरची वाट बगा, मंग बूड टेका," हे त्यांचं वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. एकदा एका मंगल कार्यालयात मांडववाल्याने मागच्या दाराशी खुर्च्यांची थप्पी लावली होती. अक्षता पडायला थोडाच अवकाश होता. सिस्टरांनी पदर खोचला आणि एकेक खुर्ची उचलायला लागल्या. नवरीचे काका धावत आले. "सिस्टर, मुहूर्ताच्या वक्ताला हे काय लावलंय?" सिस्टर खुर्ची न सोडता म्हणाल्या, "लगीन तुमचं हाय, पर आतली मानसं समद्यांची हायत. धरा ह्या कडंनं." काकांनी निमूटपणे दुसरी बाजू धरली.

अशा बाईला कुणी भित्री म्हणेल. पण करोनाच्या साथीत माणसं आपल्या सख्ख्यांच्या जवळ जात नव्हती, तेव्हा निवृत्त झालेल्या सिस्टर रोज दवाखान्यात जात होत्या, कुणी बोलावलं नसताना. मी गेटावरून विचारलं, "सिस्टर, भीती वाटत नाही?"

"वाटतीय की! म्हणून तर दोन मास्क लावलेत. भ्या वाटतंय म्हणून हात नीट धुतले जात्यात. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याच्या हाताखाली मी ड्युटी करणार न्हाई."

एक गोष्ट मात्र त्यांना जमत नव्हती. त्यांना छताखाली झोप लागत नव्हती. घर चांगलं होतं, पंखा होता, कॉट होती. पण त्या अंगणात, हलक्या पत्र्याच्या शेडखाली खाटेवर झोपायच्या. पावसाळ्यात भोवती प्लॅस्टिक बांधून, थंडीत दोन वाकळा घेऊन. त्यातही रस्त्यावरून जड ट्रक गेला की उठून बसायच्या. डोळे कायम तांबारलेले. मुलगा मिलिंद नांदेडला पाटबंधारे खात्यात. त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. सिस्टर सकाळच्या एसटीने जायच्या, नातवंडांना जेवू घालायच्या आणि अंधार पडायच्या आत परत निघायच्या. त्या घरी त्यांनी कधी मुक्काम केला नाही. "स्लॅबखाली मपला डोळा लागत न्हाई," एवढंच सांगायच्या. मिलिंद त्यांना स्टँडवर सोडून यायचा.

एका संध्याकाळी त्या आमच्याकडे बसल्या होत्या. टीव्हीवर जपानच्या कुठल्याशा शाळेतलं दृश्य दाखवत होते. भूकंपाचा सराव चालला होता. भोंगा वाजला आणि चिमुकली पोरं आपापल्या बाकाखाली गेली, बाकाचा पाय हाताने घट्ट धरून बसली. कुणी रडलं नाही, कुणी ढकललं नाही. मग बाईंनी सांगितल्यावर रांगेने मैदानात आली. सिस्टर उभ्या राहिल्या होत्या. हातातल्या कपातल्या चहावर साय धरली.

"मला हितं जायाचंय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या बायकांना ही बातमी पुरली. एक म्हणाली, "सिस्टर, तिथं तर सारखे भूकंप होतात म्हणे! सहलीला जायचं तर माणसानं सुखाच्या जागी जावं."

"म्हणूनच जायाचंय," सिस्टर म्हणाल्या. "जिथं सारखी जमीन हालतीय, तिथली मानसं झोपत्यात कशी, ते मला बगायचंय." मग जरा थांबून, थोडं लाजूनच त्यांनी पुढे जोडलं, "अन् ती गुलाबी फुलांची झाडं असत्यात ना, ती बी बगायचीत. बर्फाचा डोंगर बी. समदं दुःखाच्या नावानं न्हाई जायाचं मला. मजा बी करायचीय."

मिलिंदला हे कळलं तसा तो रविवारी नांदेडहून आला. मी तिथे असावं असं सिस्टरांना वाटत होतं, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं. अंगणात खाटेवर त्या बसल्या, समोर खुर्चीवर मिलिंद. मिलिंद शांत माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला.

"आई, तुला फिरायचंय ना? केरळला जा. बुद्धगयेला जा, मी रजा काढून सोबत येतो. त्या देशात समुद्र गावात घुसतो, इमारती हालतात. तिथं कामून जायचंय तुला? आपल्याला एकदा झालं ते कमी हाय का?"

सिस्टरांनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "मिल्या, आपलं गावाकडचं घर कशाचं होतं?"

त्याने चपलेच्या टोकाने माती उकरली.

"दगडाचं," सिस्टरांनीच उत्तर दिलं. "अन् समोरच्या रखमाचं?"

"कुडाचं," तो खाली बघून म्हणाला.

मग सिस्टर माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. "मॅडम, आमच्या वस्तीत नोकरी लागलेली मी पहिली बाई. पहिला पगार झाला तवापासून एकच ध्यास, लेकरांना पक्कं घर पाहिजे. पावसात कुड गळायचं, वाऱ्यानं छप्पर उडायचं. दगड आनले, जाड भिंती घातल्या, वर मातीचं माळवद. वस्तीतलं पहिलं पक्कं घर मपलं होतं. मानसं बघाया यायची. मी म्हनायची, आता लेकरं सुरक्षित." त्यांनी खाटेची सुंभाची दोरी बोटाने ओढली. "पहाटं अंधारात भूकंप आला तवा मालक पाहुण्यांकडं गेलते. घरात मी, मिल्या अन् धाकटी सुजाता. कुडातली समदी मानसं झाडून उठली अन् बाहेर आली. मपलं पक्कं घर खाली बसलं. मिल्याला घेऊन मी दारापाशी गेले. दार आत उघडायचं. आत माती पडलेली. दार उघडंना. रखमाच्या मालकानं बाहेरून कुऱ्हाडीनं फोडलं तवा आम्ही दोघं निघालो. परत आत जायाला गेले तर आत काही उरलंच नव्हतं."

सुजाता तेव्हा नुकती पळायला शिकली होती, हे मला नंतर कळलं. मिलिंद उठून नळावर गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

तो परत आला तेव्हा सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून कुठली जागा सुरक्षित हाय ते मला सांगू नकोस, बाळा. तिथली मानसं कशी सांभाळून राहत्यात, ते मला बगू दे."

"अन् तिथं तुला काही झालं तर? बाबा बी आता न्हाईत. मला हाय कोण?"

सिस्टरांनी फक्त एवढंच म्हटलं, "मी लगीच न्हाई निघाले. इचार करतीय."

आणि त्यांनी खरोखर विचार केला. हट्टाला पेटलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. ती फक्त आपल्या बाजूचं ऐकतात. सिस्टर उलट्या. त्या संध्याकाळ झाली की माझ्याकडे येत आणि स्वतःच्याच विरुद्ध बाजू मांडत. भाषा येत नाही. परमुलखात आजारी पडलं तर? गुडघे दुखतात. मिलिंदच्या जिवाला घोर. डॉक्टरांना भेटून आल्या; त्यांनी बीपीची गोळी बदलून दिली आणि जा म्हणाले. पुण्याच्या एका सहल कंपनीचा कार्यक्रम बघितला, त्यात समुद्रकाठच्या गावातला मुक्काम होता. "हितं मिल्याचं बरोबर हाय," म्हणून तो मुक्काम नसलेली दुसरी सहल मला शोधायला लावली. समुद्र दुरून बघायचा आणि डोंगराकडे राहायचं, असं त्यांचं ठरलं. पण त्यांची खरी काळजी वेगळीच होती. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मॅडम, जमिनीचं सोडा. जमीन हालली अन् मी जागच्या जागी थिजले तर? म्हातारी बाई भर परदेशात आरडून ओरडून लोळायला लागली, तर संगतीच्या मानसांनी काय करायचं?"

शेवटी कौल लागला तो एका फोनमुळे. अहमदपूरची प्रतीक्षा नावाची मुलगी, सिस्टरांच्या जुन्या सहकारिणीची भाची, जपानमध्ये वृद्धांच्या सेवेचं काम करते. तिच्याशी मी व्हिडिओ कॉल जुळवून दिला. पोरगी कामावरून आलेली, दमलेली, पण मराठी बोलायला मिळालं म्हणून फुललेली. सिस्टरांनी जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, एकट्या बाईला रस्त्यावर कसं वाटतं ते विचारलं. मग विचारलं, "अन् जमीन हालली की तू काय करतीस?"

"टेबलाखाली जाते, मावशी. डोकं झाकते. अन् जरा थांबलं की आधी दार उघडून ठेवते."

सिस्टर पुढे झुकल्या. "दार? कामून?"

"चौकट वाकली तर दार अडकतं ना. मग आतल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. इथं आल्या आल्या पहिल्यांदा तेच शिकवलं आम्हाला. इथल्या लहान लहान पोरांनाही माहीत असतं."

सिस्टरांनी फोन टेबलावर आडवा ठेवला. पलीकडून प्रतीक्षा "मावशी, दिसत नाहीये," म्हणत होती. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. इतकी वर्षं जे एकट्या दारोदार सांगत फिरल्या, ज्यासाठी लोक त्यांना तिरक्या म्हणाले, ते एक अख्खा देश आपल्या पोरांना शिकवत होता. थोड्या वेळाने त्यांनी फोन उचलला, पोरीला "जेवून घे बाई" म्हटलं आणि मग मला म्हणाल्या, "मॅडम, पासपोर्टाचं कसं असतंय?"

मिलिंदने शेवटी एकच अट घातली: एकटीने जायचं नाही. असं म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. हैदराबादच्या पुढे कधी गेले नव्हते. यजमानांना विचारलं तर ते हसले. "जा की. त्या बाईंच्या सोबत असताना तुला काही होईल असं मला वाटत नाही."

विमानात हवाई सुंदरी संकटकाळच्या सूचना देत होती. सगळे मोबाइलमध्ये. एकट्या सिस्टर मान वर करून, वर्गातल्या हुशार मुलीसारख्या ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी हात वर केला. मुलगी जवळ आली. सिस्टरांनी मला भाषांतर करायला लावलं: "तिला इचारा, ते संकटाचं दार आत उघडतं का बाहेर?" त्या मुलीने आधी माझ्याकडे, मग सिस्टरांकडे पाहिलं, आणि खाली वाकून अगदी नीट, हातवारे करून समजावून सांगितलं. तिला बहुतेक असं कुणी कधी विचारलं नसावं.

सिस्टरांनी मजाही केली. फुलांच्या झाडाखाली उभ्या राहिल्या, वाऱ्याने पाकळ्या गळून त्यांच्या पांढऱ्या केसांवर, खांद्यांवर पडत होत्या आणि त्या झटकेनात. मी फोटो काढला तर म्हणाल्या, "अजून एक काढा, मी हसले न्हाई त्याच्यात." एका देवळात बुद्धाची मोठी मूर्ती होती. सिस्टरांनी चपला काढून वंदना म्हटली. शेजारी एक जपानी आजी आपल्या भाषेत प्रार्थना करत होत्या. दोघींचं संपलं आणि त्या आजी वाकल्या. सिस्टर वाकल्या. त्या पुन्हा वाकल्या, म्हणून सिस्टरही. दोघींपैकी थांबायला कुणीच तयार नाही. शेवटी दोघींना हसू फुटलं, तेव्हा सुटका झाली. जेवणाचे हाल होते, पण शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यांनी आणला होता आणि सहलीतली पुण्याची सगळी मंडळी तिसऱ्या दिवसापासून त्यांच्याच टेबलाभोवती घोटाळायला लागली.

झोप मात्र नव्हती. पहिलं हॉटेल उंच मनोरा होता. सकाळी मी जागी झाले तर शेजारचा पलंग जसाच्या तसा. घाबरून खाली गेले. सिस्टर मुख्य दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर कुणीतरी ब्लँकेट घातलेलं. काउंटरवरच्या मुलाने दिलं म्हणाल्या. "काही इचारलं न्हाई त्यानं. आनलं अन् पांघरलं." दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसा चालताना त्यांचा तोल जायला लागला, तशी मला काळजी वाटू लागली. मिलिंदला फोनवर काय सांगावं ते सुचेना. मी 'सगळं ठीक आहे' म्हणत राहिले.

मग आम्ही डोंगरातल्या एका छोट्या गावी गेलो. जुन्या पद्धतीचं लाकडी, बैठं निवासगृह होतं. खाली चटया, बुटकी टेबलं, आणि दारं बाजूला सरकणारी. सिस्टरांनी ते दार सरकवून बघितलं आणि लहान पोरीसारख्या टाळी वाजवून म्हणाल्या, "हे तर ना आत उघडतंय ना बाहेर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. वाढायला एक वयस्क बाई होत्या, सिस्टरांच्याच वयाच्या. अचानक त्यांच्या कमरेचा फोन विचित्र आवाजात ओरडायला लागला. पाठोपाठ टूर मॅनेजरचा; भूकंपाचा इशारा होता तो, हे नंतर कळलं. काय झालं हे विचारेपर्यंत खालून कुणीतरी जमिनीला धक्का दिला. वरचा कागदी दिवा झुलायला लागला. वाट्या टेबलावरून सरकल्या. लाकडी घर करकरत होतं. आमच्यातलं कुणीतरी किंचाळलं, एक गृहस्थ उठून पळायला लागले आणि टेबलाला अडखळून पडले. मी कुठेच गेले नाही. माझे पाय मला सापडत नव्हते. घरी ज्या थिजण्याबद्दल सिस्टर बोलल्या होत्या, ते मला झालं होतं.

माझ्या दंडाला हिसका बसला. "खाली! पोरी, डोकं खाली घाल!" सिस्टरांनी मला टेबलाखाली ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. एका हाताने माझं डोकं दाबून धरलं होतं, दुसऱ्या हाताने टेबलाचा पाय. त्या पडलेल्या गृहस्थांना त्या ओरडून सांगत होत्या, "साहेब, पळू नका! टेबलाखाली व्हा, डोकं झाका!" आणि ते ऐकत होते. मी टेबलाखालून बघितलं. त्या वाढणाऱ्या बाई भिंत धरत धरत दाराकडे गेल्या, दार पूर्ण सरकवलं आणि ते सरकून परत बंद होऊ नये म्हणून पाठ लावून तिथेच बसल्या. बाहेरचा उजेड आत आला. अंगणातलं झाड दिसायला लागलं. सिस्टर त्या बाईंकडे बघत होत्या. माझ्या डोक्यावरचा त्यांचा हात हळूहळू सैल झाला.

थोड्या वेळात सगळं थांबलं. सांडलेलं सूप पुसलं गेलं, वाट्या उचलल्या गेल्या. त्या बाईंनी आम्हा सगळ्यांना वाकून काहीतरी सांगितलं. टूर मॅनेजर म्हणाला, त्रास झाल्याबद्दल माफी मागतायत. सिस्टर उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. नर्सचा तो हात मला माहीत आहे. नाडी बघावी तसा तो बराच वेळ तिथे राहिला.

दुपारी मंडळी तळं बघायला गेली. सिस्टर खोलीतल्या चटईवरच्या गादीवर जरा पाठ टेकते म्हणून आडव्या झाल्या, आणि बघता बघता घोरायला लागल्या. डोक्यावर छत होतं. दार अर्धं सरकवलेलं होतं. मी तळ्याला गेले नाही. शेजारी पुस्तक उघडून बसले आणि एक पान उलटलं नाही, आवाज होईल म्हणून. ऊन एका भिंतीवरून दुसरीकडे गेलं. त्या जाग्या झाल्या तेव्हा मंडळी परत येऊन चहाला बसली होती.

"तुम्ही तळं बघाया न्हाई गेलात?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"येड्याच हाय तुम्ही." मग छताकडे बघत पडल्या पडल्या म्हणाल्या, "त्या बाईचे हात थरथरत हुते, मॅडम. मी धरले तवा कळलं. ती बी भ्याली हुती. मला वाटायचं हितल्या मानसांना सवय झाली असंल, काही वाटत नसंल. तसं न्हाई. भेत्यात, अन् तरी दारापाशी जात्यात. अन् मंग जेवतात, झोपतात." नंतर अगदी हळू आवाजात, "मला वाटलं हुतं, मपल्यातच काहीतरी बिघडलंय."

त्या संध्याकाळी मिलिंदला फोन त्यांनी स्वतः केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. पलीकडून त्याने विचारलं, "अन् तू काय केलंस?" "टेबलाखाली गेले. सूप सांडलं. दुपारी झोपले," सिस्टर म्हणाल्या. "झोपलीस?" त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं.

परत आल्यावर जादू झाली असं मी म्हणणार नाही. काही दिवस खाट अंगणातच होती. मग व्हरांड्यात आली. थंडीच्या सुरुवातीला एके दिवशी बघितलं तर शेडखाली नुसतीच जागा. खाट आत गेली होती, दाराजवळ. आणि मग एका रविवारी सिस्टरांनीच सांगितलं, की त्या नांदेडला मिलिंदकडे राहायला जाणार आहेत. तिसऱ्या मजल्यावर. नातवंडं मोठी व्हायच्या आत. कॉलनीतल्या बायका रडल्या. माझ्याशी सिस्टर व्यवहाराचंच बोलत राहिल्या, कुठली कुंडी कुणाला द्यायची वगैरे. शेवटी म्हणाल्या, "जायाच्या आधी एकदा गावाकडं जायाचंय. जुन्या गावठाणात. तुम्ही याल का?"

भूकंपानंतर त्या तिथे कधीच गेल्या नव्हत्या. नव्या वसाहतीत लग्नाकार्याला जायच्या, पण जुन्या जागेच्या दिशेला तोंडसुद्धा करत नसत. मिलिंद गाडी घेऊन आला होता. गाडी थांबली तिथे गाव म्हणावं असं काही नव्हतं. वेड्या बाभळींचं रान माजलेलं, त्यात दगडांचे ढीग, मध्येच एखादी चौकट नसलेली भिंत. सिस्टर आमच्या पुढे चालत होत्या. एका बुजलेल्या आडापाशी त्या थांबल्या, डावीकडे वळल्या आणि एका ढिगाऱ्यापाशी उभ्या राहिल्या. "हे," एवढंच म्हणाल्या. काळे, ताशीव दगड होते. अजूनही चांगले दिसत होते.

त्यांनी वाकून एका दगडावरचं गवत उपटलं. मग दुसऱ्यावरचं. मिलिंद तसाच उभा होता. चाळिशीला आलेला, कानाजवळ केस पिकलेला माणूस, पण त्या क्षणी त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"आई," तो म्हणाला, "एक इचारू?"

सिस्टर गवत उपटत राहिल्या. "इचार."

"तू मला आधी कामून उचललंस?" त्याने पायाजवळचा एक खडा उचलला. "मी पोरगा होतो म्हणून?"

मला वाटलं तिथून निघून जावं, पण पायाखाली काटे होते आणि हललं असतं तर आवाज झाला असता. सिस्टरांनी हातातलं गवत खाली टाकलं. सरळ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं पोरगा हे उराशी घेऊन जगला, हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं.

"अंधारात काय पोरगा अन् काय पोरगी रे," त्या म्हणाल्या. "नुसती माती हुती. दोन्ही हातांनी चाचपत हुते मी. एक हात लागला. तो तुपला हुता."

मिलिंद त्या दगडांवरच खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. सिस्टर त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी त्याला उगी राहा म्हटलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या आणि मी काटे चुकवत हळूहळू गाडीकडे निघाले.